होता होता राहिलं

"पोरगी गप्प आहे हो. तेच पाहिजे आपल्याला. मागचा सेफ्टी ऑफिसर फार बोलायचा!"

हे वाक्य माझ्याविषयी होतं, पण माझ्यासाठी नव्हतं. नोकरीचा पहिलाच आठवडा. मी मीटिंग रूमच्या मागच्या कोठीत हातमोज्यांची खोकी लावत बसले होते. मध्ये प्लायवूडचं पार्टिशन. पलीकडे आमचे प्लांट मॅनेजर गाडेकर साहेब आणि एचआरचे सोनवणे.

सोनवणे म्हणाले, "शिवाय नवीन लग्न झालंय साहेब. सगळं लक्ष घराकडं. बोर्डाला हात लावायची नाही."

मी हातमोज्यांची खोकी परत पहिल्यापासून लावली. आवाज न करता.

आमचा प्लांट दुधाचा. बारामतीहून इंदापूरकडे निघालं की उसाच्या मधोमध त्याची चिमणी दिसते. दूध येतं, पावडर होऊन जातं. इथं प्रत्येक गोष्ट साठवायला टाकी आहे. फक्त किस्से साठवायला नाही. ते गप्प माणसात साठतात. बोलणारा माणूस स्वतःचे सांगण्यात गुंतलेला असतो, गप्प माणसाकडे सगळ्यांचे येऊन पडतात. माझ्याकडे सहा महिन्यांत इतके साठले, की आता ओव्हरफ्लो होण्याआधी काही काढून ठेवते.

तर तो बोर्ड. गेटमधून आत आलं की समोरच. हिरव्या रंगावर पांढरी अक्षरं, 'अपघाताविना दिवस'. खाली आकडा. वॉचमन बबनराव रोज सकाळी तो एकानं वाढवायचे. आकडा असा गलेलठ्ठ झाला होता की हेड ऑफिसचे लोक आले की त्याच्याशेजारी उभं राहून फोटो काढायचे. मी सेफ्टी ऑफिसर म्हणून रुजू झाले त्या दिवशी साहेबांनी मला त्याच्यासमोर उभं केलं.

"मॅडम, सेफ्टी म्हणजे हा आकडा. तुमचं प्रोबेशन सहा महिने. हा टिकला, की तुम्ही टिकलात."

सोपं काम होतं. फक्त एक अडचण होती. दूध थंड ठेवायला आमच्याकडे अमोनिया वापरतात. तो गळला तर आधी डोळे जातात, मग श्वास. तेव्हा बोर्डावरचा आकडा खरा की खोटा, हे मला नोकरी टिकवण्यापेक्षा जरा जास्त महत्त्वाचं वाटत होतं. आणि खरा आकडा शोधायचा तर नोकरी जाणार होती!

*

आमच्याकडे एक पद्धत होती. ज्या डिपार्टमेंटमध्ये तीन महिने अपघात नाही, त्यांना कंपनीतर्फे भिगवणला मासे. गाडी कंपनीची, थाळी कंपनीची, तळलेली चिलापी पाहिजे तेवढी.

एके सकाळी पॅकिंगच्या शालनमावशी अंगठ्याला चिंधी बांधून आल्या. पॅकिंग लाइनच्या त्या सगळ्यात जुन्या आणि सगळ्यात मोठ्या आवाजाच्या.

"काय झालं मावशी?"

"घरी कापलं. इळीवर."

"काय चिरत होता?"

"भेंडी."

दुसऱ्या दिवशी त्यांच्याच शेजारच्या मशिनवरचा किरण. मनगटाला पट्टी.

"घरी कापलं मॅडम."

"काय चिरत होतास?"

त्यानं एकदा शालनमावशींकडे बघितलं. "भेंडी."

किरण खोलीवर राहतो आणि खानावळीत जेवतो!

त्याच आठवड्यात तिसरी पट्टी आली. एक नवीन मुलगी. तीही भेंडी. मी भिंतीवरचं कॅलेंडर बघितलं. "अगं, आज एकादशी ना?"

तिनंही कॅलेंडर बघितलं. "उद्याची चिरून ठेवत हुते."

एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. आमच्या पॅकिंग डिपार्टमेंटइतकी सुरक्षित जागा अख्ख्या तालुक्यात नव्हती. खरं तर ह्या लोकांनी घरी जाणंच बंद करायला हवं होतं!

*

माझं सासर वडगाव निंबाळकरला. रात्रीच्या भाकऱ्या चालल्या होत्या. सासूबाईंनी विचारलं, "स्नेहल, तुजं काम काय गं नेमकं?"

"अपघात होऊ नयेत हे बघायचं, आई."

"आन् झाला न्हाय तर?"

"तर काम चांगलं झालं."

त्यांनी भाकरी उलटली. "व्हय, पर तू काय केलंस म्हून झाला न्हाय, का आपसूकच झाला न्हाय, ह्ये कळायचं कसं?"

कॉलेजात ह्या एका प्रश्नावर आम्हाला अख्खा पेपर होता. तो मी पासही झाले होते. मी त्यातलं आठवत असतानाच त्या तवा उतरवत म्हणाल्या, "पगार येतूय न्हवं वेळेवर? मग असू दे."

*

भेंडीचं प्रकरण कळल्यावर मी ठरवलं, जखमा मोजण्यात अर्थ नाही. त्या लपवता येतात. माणसं रोज वागतात कशी, ते मोजावं. म्हणून राउंड घ्यायला लागले.

हेल्मेट शंभर टक्के. गॉगल शंभर टक्के. साहेबांबरोबर गेले तरी शंभर, एकटी गेले तरी शंभर. मला बरं वाटलं. चला, एक तरी आकडा खरा निघाला!

एकदा कॉम्प्रेसर रूमच्या दाराशी बुटाची नाडी बांधायला वाकले. अमोनियाचं सगळं यंत्र त्या खोलीत. तिथले जुने ऑपरेटर म्हणजे भगवानतात्या. आतून त्यांचाच आवाज आला.

"चुडा वाजतोय रं! टोपडी घाला, टोपडी!"

लग्नाचा हिरवा चुडा माझ्या हातात होता. मी तो कोटाच्या बाहीत कोंबून फिरायचे. तरी वाजायचाच. प्लांटभर माझ्याआधी माझ्या बांगड्या पोचत होत्या.

शालनमावशींनी तर पुढचंही सुनावलं. "मॅडम, तुमीच भिंतीवर पोस्टर लावलंय न्हवं? मशिनपाशी बांगड्या चालत न्हाईत म्हून? का ते फकस्त आमच्यासाठी?"

आता पंचाईत. नव्या नवरीनं चुडा उतरवायचा तर घरी विचारायला हवं. संध्याकाळी धीर करून विचारलं. सासूबाईंनी माझ्या मनगटाकडे बघितलं. मला वाटलं, संपलं.

मग म्हणाल्या, "कडबाकुट्टीवर कडबा घालताना मी काय चुडा घालून बसत हुते व्हय? लग्नाच्या दुसऱ्या आठवड्यात खुंटीला टांगला हुता. तुज्या आजेसासूनं गावभर केलं. करू दे म्हनलं. हात माजा हाय."

दुसऱ्या दिवशी मी रिकाम्या हातांनी राउंडला गेले. हेल्मेटं सापडली. एक स्टुलाखाली, एक खिडकीत. किरणच्या हेल्मेटमध्ये भजी होती, वर कागद झाकून. तात्यांच्या हेल्मेटमध्ये किल्ल्या, चुन्याची डबी आणि अर्धी काकडी.

खरा आकडा पहिल्यांदा मिळाला. तो इथं लिहीत नाही. त्या हेल्मेटांची अब्रू राहू द्यावी.

*

मग आली मॉक ड्रिल. म्हणजे गॅस गळाल्याचं नाटक. सायरन वाजवायचा, सगळ्यांनी बाहेर पडून ठरलेल्या जागी जमायचं, आणि किती वेळ लागला ते मोजायचं. आमची ठरलेली जागा गेटजवळच्या लिंबाखाली.

सोनवणेंनी आदल्या दिवशी नोटीस लावली, 'उद्या सकाळी अकरा वाजता अचानक मॉक ड्रिल होईल.'

अचानक!

अकरा वाजायला जरा अवकाश होता. मी घड्याळ घेऊन सायरनपाशी उभी राहिले. खिडकीतून बघते तर लिंबाखाली सगळा प्लांट हजर. कुणी चहा पीत होतं, कुणी मोबाइल बघत होतं. शालनमावशींनी तर बसायला पोतं आणलं होतं.

मी सायरन वाजवला. लिंबाखालच्या काहींनी दचकून वर बघितलं.

साहेब खूष. "मॅडम, वेळ किती लागला?"

"काहीच नाही, सर."

"म्हणजे?"

"सायरनच्या आधीच सगळे बाहेर होते."

"रेकॉर्ड!" साहेबांनी सोनवणेंच्या पाठीवर थाप मारली. "लिहा, रेकॉर्ड!"

जगातला आमचा एकमेव प्लांट असेल जिथं गॅस सुटायच्या आधीच माणसं पळून झालेली असतात!

*

ड्रिलनंतर मी पॅकिंगच्या लोकांना विचारलं, "खरंच गॅस आला तर काय कराल?"

उत्तर एका सुरात, शाळेतल्या प्रार्थनेसारखं आलं. "वल्ला रुमाल नाकाला, आन् वाऱ्याच्या आडवं पळायचं!"

"शाब्बास. आत्ता वारा कुठून येतोय?"

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. शेवटी किरणनं हात वर केला आणि बोट दाखवलं.

कोपऱ्यातल्या फॅनकडे.

वाऱ्याची दिशा दाखवायला आमच्या छतावर एक कापडी नळी आहे. बारामतीच्या विमानतळावर फडफडते तसलीच, केशरी-पांढरी. ती बघायला सांगावं म्हणून मी बाहेर आले. नळी सरळ खाली लोंबत होती. अंगावर वारा लागत होता आणि नळी ढिम्म! शिडी चढून वर गेले. नळीवर प्लास्टिकची पिशवी, खालून सुतळीनं गच्च बांधलेली.

सोनवणेंना विचारलं. ते म्हणाले, "नवीन आणलीय मॅडम. ऑडिटपर्यंत मळेल ना!"

मी रागवायचं ठरवून त्यांच्या मागोमाग पार्किंगपर्यंत गेले. त्यांनी गाडीचं दार उघडलं. सीटवर शोरूमचं प्लास्टिक तसंच होतं. गाडी घेऊन त्यांना तीन वर्षं झाली होती. मी परत फिरले, आणि स्वतःच वर चढून पिशवी सोडली.

*

साहेबांचा किस्सा मात्र फक्त मला माहीत होता.

टाक्या धुण्याच्या जागेत फरशी कायम ओली असते. साहेब फोनवर बोलत आले आणि सपशेल आडवे झाले. मी खांबामागं होते. ते उठले, डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं, पँट झटकली आणि फोनवर म्हणाले, "हां, बोला, रेंज गेली होती."

दुसऱ्या दिवशी कॅन्टीनमध्ये साहेब लंगडत आले. सगळे चौकशी करायला लागले.

"काही नाही हो. घरी. बाथरूममध्ये पाय सटकला."

भाताची ताटली घेऊन उभ्या असलेल्या शालनमावशी मोठ्यांदा म्हणाल्या, "अगंबया! सायबांनीबी भेंडीच चिरली म्हनायची!"

कॅन्टीन फुटलं. साहेबांना काही कळलं नाही, पण सगळे हसतात म्हटल्यावर तेही हसले.

जेवण झाल्यावर मी त्यांच्या केबिनमध्ये गेले आणि दार लावून घेतलं.

"सर, टाक्यांजवळची फरशी खडबडीत करून घ्यायला हवी."

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. "तुम्ही होतात तिथं?"

"हो सर."

"आणखी कुणी?"

"नाही. पण तिथं रोज माणसं गरम पाणी घेऊन उभी असतात. ती पडली तर झटकून उठणार नाहीत."

साहेब पेन फिरवत बसले. मी मागणं मागून टाकलं. ह्या तीन महिन्यांपुरतं भिगवणचं बक्षीस बदलायचं. अपघात नाही म्हणणाऱ्यांना मासे नाहीत. जे डिपार्टमेंट जास्तीत जास्त गोष्टी सांगेल, काय होता होता राहिलं, कुठं थोडक्यात बचावलो, मासे त्यांना. आणि कुणाला लागलं आणि त्यानं खरं सांगितलं, तर मासे कापायचे नाहीत.

"पहिलं तुमचंच धरू का, सर?"

"नको नको!" साहेब झटकन म्हणाले. "करा काय करायचं ते. आणि ते ड्रिल-बिल पण तुम्हाला हवं तेव्हा घ्या, मला विचारत बसू नका. फक्त बोर्ड तेवढा सांभाळा."

*

शिफ्टच्या सुरुवातीला चहा असतो. मी तिथं उभी राहून विचारायला लागले, "काल काय होता होता राहिलं?"

पहिल्या दिवशी चहाचे फुरके तेवढे ऐकू आले.

दुसऱ्या दिवशी भगवानतात्या पुढं आले. "सांगितलं तर मासं मिळत्यात, ह्ये खरं हाय का?"

"खरं आहे, तात्या."

"मग लिवा. अमोनियाचा मेन व्हॉल्व्ह हातानं फिरत न्हाय. लई घट्ट झालाय. पाना लावावा लागतुया."

"पाना कुठं असतो?"

"माज्या गाडीच्या डिक्कीत. हितं ठिवला की कुनी बी उचलून न्हेतंय."

"आणि तुमची सुट्टी असते तेव्हा?"

तात्यांनी शांतपणे चहा संपवला. "तवा पाना बी सुट्टीवर."

म्हणजे तात्या घरी असताना गॅस सुटला असता, तर तो बंद करायची किल्ली वीस किलोमीटरवर एका डिक्कीत! आणि बोर्डावर मात्र रोज एक वाढत होता. त्याच दिवशी व्हॉल्व्ह सोडवून घेतला, नवा पाना साखळीनं शेजारी लावला.

मग बांधच फुटला. पॅकिंगनं सांगितलं, सीलिंग मशिनचं झाकण चिकटपट्टीवर उभं आहे. शालनमावशींनी हेही सांगून टाकलं, की भेंडी तिथंच चिरली जाते. दूध उतरवणाऱ्यांनी सांगितलं, सोनवणे साहेब गाडी मागं घेताना आरशात बघत नाहीत. (सोनवणे म्हणाले, "आरशावर प्लास्टिक आहे ना!") माशांची चुरस अशी पेटली की कॅन्टीनवाला आचारीसुद्धा आला.

"मॅडम, काल सांबारात मीठ दोनदा पडता पडता राहिलं."

मागून तात्यांचा आवाज आला, "राहिलं न्हाय. पडलं!"

नोटीस न लावता मी दोनदा छोटी ड्रिलही घेतली. पहिल्या वेळी अर्धी माणसं जिन्यातच अडकली, दोघंजण हजेरीचा पंच मारायला परत आत गेले. शालनमावशींनी त्यांना दुसऱ्या दिवशी असं सोलून काढलं की दुसऱ्या वेळी कुणी परत फिरलं नाही.

*

नवीन झाकण यायचं होतं त्याच्या आदल्या दिवशी शालनमावशींचा हात सीलिंग मशिनवर भाजला.

त्या चालत माझ्या टेबलापाशी आल्या. मागं अख्खं पॅकिंग. मी पाण्याचा नळ सोडला आणि त्यांचा हात धरला. मी काही विचारायच्या आत त्याच म्हणाल्या, "मशिनवर भाजलंय मॅडम. घरी न्हाय."

त्यांना दवाखान्यात पाठवून मी फडकं घेतलं आणि गेटवर गेले. बबनराव आडवे आले. "मॅडम, ह्यो येवढा पुसायचा? मी रोज वाढवलाय ओ!"

"उद्यापासून परत वाढवा, बबनराव."

मी तो आकडा पुसला आणि शून्य काढलं. ते जरा भेंडीसारखं लांबट निघालं.

साहेबांचं बोलावणं आलंच. आमची पावडर घेणाऱ्या मोठ्या कंपनीचं ऑडिट पुढच्या आठवड्यात होतं. सोनवणे त्यासाठी नरसिंहपूरला नारळसुद्धा वाढवून आले होते.

"चार दिवस थांबायला काय झालं होतं?" साहेबांचा आवाज खालच्या मजल्यावर गेला. "ऑडिटला काही कमी-जास्त झालं, तर कन्फर्मेशन विसरा, मॅडम!"

मी "हो सर" म्हणाले. तेवढंच यायचं मला तेव्हा.

घरी नवऱ्याला सांगितलं. विक्रम शांत माणूस आहे. तो म्हणाला, "मग? नोकरी गेली तर घरी बसशील?"

"बसेन की. पण आमच्या प्लांटवर म्हणतात, घर फार धोकादायक असतं."

*

ऑडिटला पुण्याहून आगाशे सर आले. बारीक, चष्मा, बोलणं कमी. बोर्डासमोर थांबले. एकेरी आकडा बघून त्यांनी भुवया उंचावल्या.

"बोर्ड नवीन बसवलाय, सर!" साहेब म्हणाले. बोर्डाच्या कोपऱ्याला गंज चढला होता.

मीटिंग रूममध्ये एसी, प्रोजेक्टर, काजूची बशी. साहेबांनी तासभर आलेख दाखवले. सगळ्या रेषा शून्याला चिकटलेल्या, मेल्यासारख्या. दाराजवळच्या खुर्चीत मी होते. माझ्याकडे कुणी बघत नव्हतं, आणि मला तशी सवय होती.

आगाशे सरांनी चष्मा काढला. "आकडे बघितले. ते बाजूला ठेवू. तुमची सेफ्टीची व्यवस्था खरंच चालते, हे तुम्ही मोजता कसं?"

साहेबांनी तोंड उघडलं आणि सोनवणेंकडे बघितलं. सोनवणेंनी माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, आता विचारणार. मी सावरून बसले.

"मॅडम," सोनवणे म्हणाले, "जरा चहाचं बघता का?"

मी उठले.

बाहेर पॅसेजच्या टोकाला सायरनचं लाल बटण आहे. कॅन्टीनकडे जायचा रस्ता त्याच्यावरूनच जातो. मी थांबले. साहेबांनी सांगितलंच होतं, हवं तेव्हा घ्या, मला विचारत बसू नका. कुणालाही माहीत नव्हतं. तात्यांना नाही, शालनमावशींना नाही, आणि खरं सांगायचं तर उठेपर्यंत मलाही नाही. खाली लोकांनी गोंधळ घातला तर माझी नोकरी त्या बटणाखालीच संपणार होती.

मी बटण दाबलं आणि जिन्याच्या खिडकीशी जाऊन उभी राहिले.

सायरन ओरडत होता. खाली मशिनं एकेक करून बंद झाली. तात्या मास्क चढवून जोडीदाराबरोबर व्हॉल्व्हकडे निघाले, डिक्कीकडे नाही. दारातून माणसं बाहेर पडायला लागली. पळापळ नाही, ढकलाढकली नाही. सगळ्यांत पुढे शालनमावशी, पट्टी बांधलेला हात वर धरून. सगळे सवयीनं गेटजवळच्या लिंबाकडे निघाले. त्या दिवशी वारा उलटा होता. कॉम्प्रेसर रूमवरून सरळ लिंबाकडे! गॅस खरा असता तर त्यांच्या अंगावरच आला असता.

किरण थांबला. त्यानं वर छताकडे बघितलं. नळी भरून फडफडत होती. त्यानं ओरडून काहीतरी सांगितलं, हात आडवा केला, आणि मी बघतेय तोवर तो सगळा घोळका लिंब सोडून वळला. उसाच्या बाजूच्या मागच्या गेटकडे, वाऱ्याला आडवा. आचारी झारा हातात घेऊन, बबनराव गेटचं कुलूप उघडत. शालनमावशी तिथं उभ्या राहून एकेकाला नावानं हाका मारून मोजत होत्या.

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. अमोनियाशिवाय.

तात्यांनी व्हॉल्व्ह बंद केल्याची खूण केली. शालनमावशींनी दोन्ही हात वर केले, म्हणजे माणसं पुरी भरली. आणि तेव्हा माझं लक्ष मीटिंग रूमच्या काचेकडे गेलं. आत तीन डोकी होती.

नंतर आगाशे सरांनी स्वतःच सांगितलं. सायरन वाजल्यावर ते खुर्चीतून उठले होते. साहेबांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवून त्यांना खाली बसवलं. "बसा हो सर. टेस्टिंग असेल. काजू घ्या."

आता तुम्ही विचाराल, नोकरीचं काय झालं? मी कन्फर्म झाले. ऑडिट पास झालं. आगाशे सरांनी शेऱ्यात लिहिलं, की असं मोजमाप त्यांनी दुसरीकडे कुठं बघितलं नाही. भिगवणला अख्खा प्लांट गेला आणि चिलापी संपली. पण हे सगळं नंतरचं.

तेव्हा मी फक्त मीटिंग रूमचं दार उघडलं. तिघांनी माझ्याकडे बघितलं. सोनवणे म्हणाले, "काय मॅडम, चहाला एवढा वेळ?"

आणि त्या खोलीत मी पहिल्यांदा मोठ्यांदा बोलले.

"बाहेरचे सगळे वाचले, सर. आतले तुम्ही तिघं गेलात. चहा आता कुणासाठी सांगू?"